वाळू सुकवायची खोली

सर, आज मी तुमच्याविरुद्ध साक्ष देऊन आले. कुठे लांब गेले नव्हते. मस्कतमध्येच, अल् खुवैरच्या आपल्याच ऑफिसात, मीटिंगच्या खोलीत, तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसायचात त्याच खुर्चीवर बसले, लॅपटॉप उघडला आणि पलीकडे त्या थंड शहरातल्या चौकशीची माणसं दिसायला लागली. एप्रिल लागला तरी त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता. माझ्या खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्यांना हात लावायची सोय नव्हती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की ऑफिसातल्या नव्या मुलांना तुम्ही रिसेप्शनच्या भिंतीवरच्या फोटोपुरतेच माहीत आहात. माझ्यासाठी मात्र तुम्ही अजून तिथेच बसलेले असता आणि मी बोलायला तोंड उघडलं की आधी चष्मा कपाळावर सरकवून बघता. म्हणून जे त्यांना इंग्रजीत सांगितलं ते तुम्हाला मराठीत सांगणं भाग आहे.

काय झालं ते आधी सांगते. आपण इथे बसून जिचा मार्ग आणि डेपो काढला, ती ट्राम यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी नदीकडच्या उतारावर घसरली आणि खालच्या थांब्यावर उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ तिच्याखाली गेले. चालवणारी बाई वाचली. बर्फाळ रुळावर चाक पकड घेत नाही, म्हणून ट्रामच्या पोटात वाळूची पेटी असते आणि ड्रायव्हरने बटण दाबलं की नळीतून चाकापुढे वाळू सांडते, हे तुम्हीच मला शिकवलेलं. ती बाई म्हणते, मी वेळेवर ब्रेक लावला, बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, वाळू आलीच नाही. कंपनी म्हणते, पेटी उघडून पाहिली तर काठोकाठ भरलेली होती, वाळू छान मोकळी होती, म्हणजे बाईने बटण दाबलंच नाही. पेटी उघडली तोवर ती ट्राम कित्येक दिवस गरम शेडमध्ये उभी होती, हे कुणी बोलत नाही. गारठून दगड झालेली वाळू उबेत पुन्हा सुटी होते. पुरावा वितळून गेला, सर. आता त्या बाईवर खटला भरायचा की नाही ते ही चौकशी ठरवणार, आणि खटला भरला तर ती तुरुंगात जाणार.

मस्कतमध्ये बसून बर्फातली ट्राम काढायची, याचं आम्हाला तेव्हा केवढं अप्रूप होतं. ऑफिसात निम्मे केरळचे, काही फिलिपिनो, आपण दोघं मराठी, आणि बर्फ पाहिलेला माणूस एकच. तुम्ही. लग्नानंतर काकूंना घेऊन कुलू-मनालीला जाऊन आला होतात, तेवढ्या भांडवलावर तुम्ही आमचे बर्फाचे तज्ज्ञ. मी श्रीवर्धनकडची, अब्बा इब्राच्या सुकात, तिथल्या बाजारात, कापडाच्या दुकानावर, शिक्षण संपवून तुमच्या हाताखाली आले तेव्हा मला वाटायचं या माणसाला येत नाही असं काही नसावं. तुम्हालाही तसंच वाटायचं, ती गोष्ट वेगळी.

गुरुवारी दुपारी, शुक्रवारची सुट्टी लागायच्या आधी, तुम्ही टेबलावर ड्रॉइंग पसरायचात आणि आम्ही सगळे भोवती उभे राहायचो. हा तुमचा रिवाज. लाल पेनाचं टोक एकेका गोष्टीवर ठेवून तुम्ही एवढंच विचारायचात, "हे कशाला?" ज्याचं काम त्याने तिथल्या तिथे सांगायचं. अडखळला की लाल रेघ. कुणी म्हणालं, सर, बघून सांगतो, की तुम्ही म्हणायचात, "बघून सांगायला तू काय भटजी आहेस?" फार चांगली सवय होती ती, आजही सांगते. त्या प्रश्नाने कितीतरी फापटपसारा कमी झाला. रुळाला जिथे दोन वाटा फुटतात तिथे बर्फ साचू नये म्हणून बसवायच्या हीटरवर तुमचं पेन आलं तेव्हा मी एका दमात उत्तर दिलं होतं आणि तुम्ही मान हलवून पुढे गेला होतात. त्या मान हलवण्यावर मी पुढचा महिनाभर हवेत होते.

मग तो गुरुवार येतो. बाहेर शमाल, तो धुळीचा वारा, सुटलाय, समोरचं मंत्रालय धुळीत दिसेनासं झालंय, एसीचा आवाज वाढलाय. डेपोचं ड्रॉइंग टेबलावर आहे आणि डेपो ज्याच्याकडे होता तो आपला थॉमस म्हणा, जोसेफ म्हणा, जे काय नाव असेल ते, रजा घेऊन घरी गेलाय. तुमचं पेन एका छोट्या खोलीवर थांबतं. वाळू सुकवायची खोली. "हे कशाला?" कुणी बोलत नाही. ज्याने बोलायचं तो कोट्टायमला आहे. तुम्ही उठता, खिडकीच्या आतल्या कट्ट्यावरून बोट फिरवता आणि ते आम्हाला दाखवता. बोटावर बारीक, पिठासारखी वाळू. बंद खिडकीतून आलेली. "ही बघा. ही सुकवायला खोली पाहिजे? तिथे शेकोटी पेटवायची? यल्ला, पुढे चला." सगळे हसतात. लाल रेघ. आम्ही वाळू झाडण्यात, पुसण्यात, डोळ्यांतून काढण्यात जन्म घालवलेली माणसं. वाळू म्हटली की कोरडीच, याच्याबद्दल कुणाला शंका येणार? ज्या देशात वाळूला ओल लागते आणि ओलीचा रात्रीत दगड होतो, तिथल्या कुणाच्या हातून ती रेघ मारली गेली नसती. तो रजेवरचा परत आला तोवर ड्रॉइंग गेलेलं होतं आणि एकदा गेलेलं ड्रॉइंग परत मागवणं तुमच्या राज्यात नव्हतं.

चाचण्यांसाठी माणूस पाठवायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझं नाव दिलंत. कौतुक, असं मी समजले. काकूंनी विणलेला स्वेटर तुम्ही स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलात, मोरपंखी, लांब बाह्यांचा, आणि म्हणालात, "हा घाल, कुडकुडत बसू नकोस. आपली अब्रू आहे." त्या शहरातल्या पहिल्या सकाळी त्या स्वेटरवर मी बाहेर पडले आणि थांब्यापर्यंत पोचायच्या आत दातखिळी बसली. नाकातला केसन् केस गोठतो, सर. पापण्या चिकटतात. आपण कुलू-मनाली, कुलू-मनाली म्हणत काय काढून ठेवलं होतं हे मला त्या एका चालण्यात कळलं. पुढे जॅकेट घेतलं, पण स्वेटर आतून घालत राहिले, काकूंचा हात म्हणून.

त्या गावात ट्राम चालवणं म्हणजे रोजचं भांडण. रूळ आखडतात, दारांच्या खाचेत बर्फ बसतो आणि दार अर्ध्यावर अडकतं, वरच्या तारेवर बर्फाची साय धरते म्हणून प्रवासी असोत नसोत, ट्राम पळवत ठेवायची. रस्त्यावर मीठ टाकतात ते खालचं लोखंड खातं. थांब्यावर लोक असे उभे असतात की पाठीमागून कोण बाई, कोण बुवा ओळखू येत नाही, आणि ट्राम उशिरा आली तर कुणी ओरडत नाही, कारण तोंड उघडायचीच इच्छा नसते. ही ड्रायव्हर बाई मला तिथेच भेटली. चाचणीच्या ट्रामवर ती होती. चाळिशीची, जाडजूड, विनोदी. मी डेपोच्या अंगणात आपटले तेव्हा तिने मला बगलेत धरून उठवलं आणि बर्फावर कसं चालायचं ते शिकवलं. पावलं छोटी टाकायची, पूर्ण तळवा टेकवायचा, हात खिशात घालायचे नाहीत. म्हणाली, "तुमच्याकडे लोक घसरत नाहीत?" मी म्हटलं, आमच्याकडे सगळे गाडीने जातात. ती इतकी हसली की मलाही हसू आलं.

तिच्याच ट्राममध्ये पहिल्यांदा वाळू अडकली. सपाटीवर, रिकाम्या ट्राममध्ये, म्हणून काही झालं नाही. नळी काढली तर आत वाळूचा खडा झालेला, बोटाने फुटेना. मी डेपोतून तुम्हाला फोन केला. आठवतं ना? मी सांगितलं, सर, वाळूला ओल लागते, ट्राम गरम शेडमध्ये येते, दमट होते, बाहेर गेली की पेटीतच गोठते. ती खोली हवी होती. तुमच्या मागे ताटावाट्यांचा आवाज येत होता. मग म्हणालात, "वाळू बदला. तिथली वाळूच वाईट असेल." मी पुन्हा तेच सांगायला लागले तर, "अगं, मला शिकवू नकोस," आणि फोन ठेवलात. रागाने म्हटलं असतंत तर मला चाललं असतं. तुमचा राग मला ओळखीचा होता. त्या दिवशी आवाज मऊ होता आणि त्याचीच मला भीती वाटली.

त्यानंतर त्या खोलीबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी तुम्ही ऑफिसच्या जिन्यात बसलात ते उठला नाहीत. तुम्हाला विमानाने पुण्याला नेलं, सामानाच्या कप्प्यातून, गल्फमधली आपली माणसं जशी जातात तशी. मी तिकडे होते, आले नाही. ट्राम सुरू झाली, फिती कापल्या. मी विचारत राहिले, ऑफिस म्हणत राहिलं, पुढच्या टप्प्यात बघू. तो पुढचा टप्पा आला नाही. डेपोतल्या लोकांनी बॉयलरभोवती वाळूची पोती रचून ठेवायला सुरुवात केली आणि त्या पोत्यांवर ती ट्राम इतके हिवाळे चालली. यंदा थंडी मोडली, पाऊस पडला, लगेच पुन्हा कडाका आला. पोती पुरली नाहीत.

आपले आत्ताचे मॅनेजर तुम्हाला ठाऊक नाहीत, तुमच्यानंतर आले. भला माणूस, दिल्लीकडचा. साक्षीच्या आधी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि म्हणाला, "मॅडम, आप बस इतना बोलो, ड्रॉइंग के टाइम की बात याद नहीं. बहुत साल हो गए. खलास." मी कप खाली ठेवला. तर म्हणाला, "सर की भी इज्जत का सवाल है ना? दीवार पे फोटो है उनका. आप तो उनको बाप मानती थीं." बघा सर, कुठे नेऊन लावलं. तुमचं नाव राखायचं म्हणजे त्या बाईने तुरुंगात जायचं. तुमचा फोटो त्यांनी दाराला अडसर म्हणून लावला होता, आणि लाज वाटते सांगायला, क्षणभर मला तो अडसर सोयीचा वाटला. मग राग आला. त्याचा कमी, तुमचा जास्त. एक लाल रेघ खोडायला काय लागतं हो? तुम्हाला ते जमलं असतं तर आज हा माणूस मला चहा पाजत बसला नसता.

पण काकूंना न सांगता बोलणं माझ्याने होईना. त्या आता इथेच मस्कतमध्ये, बौशरला लेकीकडे असतात. शुक्रवारी गेले. दार नातवाने उघडलं आणि आत ओरडला, "आजी, ती ऑफिसवाली आंटी आला आहे!" काकू म्हणाल्या, "आली आहे म्हण रे," आणि त्याला आत पिटाळलं. थालीपीठ लावलं, वर लोणी घातलं, समोर बसल्या. मी सगळं सांगितलं. गुरुवार, कट्ट्यावरचं बोट, लाल रेघ, ती बाई. फोनचं मात्र मी शेवटी ठेवलं होतं. चूक वेगळी, आणि कळूनही गप्प बसणं वेगळं. शेवटी तेही सांगायला घेतलं.

काकू मध्येच म्हणाल्या, "तो फोन तुझा होता होय? जेवत होते. फोन ठेवला आणि पानावरून उठले ते उठलेच. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, पोरीला तिकडची थंडी बाधलीये."

आत नातू कुठला तरी गेम खेळत इंग्रजीत कुणाला तरी दम देत होता.

"चूक झाली, असं हा माणूस जन्मात कधी म्हणाला नाही," काकू म्हणाल्या. "लग्नात मुहूर्त टळला तर म्हणे, भटजींचं घड्याळ पुढे आहे." आणि हसल्या. मग हसू गेलं. "त्या बाईला मुलं आहेत?"

"दोन आहेत, काकू."

"मग मला काय विचारायला आलीस? सांग जा. पण त्यांनी केलं तेवढंच त्यांच्या नावावर घाल. मेलेल्याच्या अंगावर सगळ्यांची धुणी वाळत घालतात लोक."

मी हो म्हटलं. निघाले. एरवी लिफ्ट येईपर्यंत काकू दारात उभ्या राहतात, पोचलीस की फोन कर म्हणतात. त्या दिवशी मी लिफ्टचं बटण दाबलं आणि मागे दार लागल्याचा आवाज आला. त्यानंतर मी फोन केले, त्या उचलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांतलं एक जेवण मी त्यांच्याकडून काढून घेतलं. आता तो दिवस त्यांना जुन्यासारखा आठवणार नाही, हे मी केलं.

आज सगळं सांगितलं. खरं सांगेन अशी शपथ घेतली आणि तुमचं नाव पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट. खोली तुम्ही खोडलीत हे सांगितलं. समोर आम्ही सगळे उभे होतो आणि कुणी हरकत घेतली नाही हेही. फोन सांगितला. तुमच्यानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं आणि ज्यांनी पुढच्या टप्प्यावर ढकललं, त्यांचीही नावं घेतली, त्यात अजून खुर्चीवर असलेले काही आहेत. माझी ही खुर्ची किती दिवस राहील कोण जाणे. मॅनेजर काचेच्या दारापलीकडे फेऱ्या मारत होता. ती ड्रायव्हर बाई त्यांच्या खोलीत मागच्या रांगेत बसली होती, खूप वाळलेली, मला आधी ओळखूच आली नाही. वाळू गोठते, हे एका इंजिनियरने तेव्हाच फोन करून सांगितलं होतं, असं मी म्हणाले तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती सुटेल असं तिच्या वकिलाने नंतर कळवलंय. इन्शाल्ला म्हणायचं आणि वाट बघायची.

शेवटी चौकशीच्या प्रमुख बाईंनी विचारलं, त्या फोननंतर तुमच्या सरांनी काहीच का केलं नाही? मी म्हटलं, ते गेले. त्या म्हणाल्या, लगेच? मी म्हटलं, नाही, मध्ये काही महिने होते. त्या थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या, चांगल्या नजरेने, जणू मी आणखी काही सांगावं अशी त्यांचीच इच्छा होती. मागच्या रांगेत ती बाई होती, दाराबाहेर मॅनेजर होता, आणि तुम्ही कुठेच नव्हता. मी म्हटलं, ते जगले असते तर माझ्याआधी त्यांनी स्वतःच तुम्हाला हे सांगितलं असतं. त्यांनी ते लिहून घेतलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. उद्या वाचलं तर मीच फाडीन. पण आज एवढं लिहून ठेवते, सर. शपथेवर मी जे जे बोलले ते सगळं मला माहीत होतं, ते शेवटचं वाक्य सोडून.